अम्मींना तो रस्ता दाखवायचा आहे

आमच्या मानवतहून समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. अम्मींनी तो आयुष्यात एकदाच पाहिला, तोही मुंबईत टॅक्सीच्या काचेतून, धाकट्याला विमानतळावर सोडायला गेलो होतो तेव्हा. त्याला आता अकरा वर्षे झाली. तो शारजात राहतो, ट्रेलर चालवतो, सीमा ओलांडून ओमानला माल नेतो. फोनवर सांगतो, एका हाताला डोंगर आणि एका हाताला दर्या. मागच्या ईदला अम्मी त्याला म्हणाल्या, "बेटा, तुझा तो रस्ता एकदा दाखव."

गल्लीत बातमी पसरलीच. एवढा खर्च करता, तर उमरा का नाही? दोघातिघांनी तोंडावर विचारले. विचारण्यात गैर काही नव्हते. पण अम्मींच्या उमऱ्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत, त्यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरले होते. एका एजंटाने हप्त्यावर सफर सुचवली, व्याज धरून. त्याला चहा पाजून परत पाठवले. कापसाचे पैसे हाती आल्यावर जानेवारीत जायचे ठरले. तिकडे तेव्हा ऊनही सोसवते. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, त्याची चिठ्ठी गुरुजींना देऊ.

नकाशा घेऊन बसलो तर धाकट्याचा उत्साह सलालापर्यंत गेला. मस्कतहून सलाला हजार किलोमीटर, मधे बहुतेक वाळवंट. ज्या बाईला मानवत रोड स्टेशनपर्यंतच्या रिक्षात कंबर धरावी लागते, तिच्यासाठी हे नाही. सलाला काढून टाकले. मुले रुसली, पण रस्ता आवाक्यात आला.

उरला तो असा. शारजाहून डोंगरातल्या बोगद्यांतून खोरफक्कान, तिथून जवळच बिदियाची मशीद. दगडमातीची, चार छोट्या घुमटांची, संयुक्त अरब अमिरातीतली सर्वांत जुनी समजली जाणारी. आजही तिथे नमाज होते. मग फुजैरा, कलबा आणि खतमत मलाहाची सीमा. पलीकडे ओमानचा किनारा, सोहार आणि मस्कत. मस्कतच्या पुढे दोनशे किलोमीटरवर सूर हे लाकडी जहाजांचे जुने बंदर. तिथून पुन्हा मस्कत. सूरच्या अलीकडे कल्हात लागते. इब्न बतूताने तिथली समुद्रावर नजर टाकणारी, रंगीत फरशांची मशीद वर्णन केली आहे, बीबी मरियम नावाच्या नेक बाईने बांधलेली. पुढे हाच माणूस आपल्या दौलताबादेत आला आणि मराठी मुलखाबद्दल लिहून गेला. १५०८ मध्ये पोर्तुगिजांनी कल्हात उद्ध्वस्त केले. बीबी मरियमच्या नावाचा मकबरा मात्र उभा आहे आणि २०१८ पासून हे प्राचीन शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे. दौलताबाद पाहिलेल्या अम्मींना हा धागा फार आवडला.

खरी गाठ व्हिसाची निघाली. धाकट्याकडे तिथला रहिवासी परवाना आहे, त्याला ओमानचा प्रवेश सोपा. आम्हाला मात्र ओमानचा व्हिसा घरूनच ऑनलाइन काढावा लागणार. त्याहून मोठी गोष्ट अशी की, अमिरातीचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा सीमा ओलांडताच संपतो. परत शारजाला यायचे तर अनेक प्रवेशांचा महागडा व्हिसा हवा. हे तिकीट काढण्याआधी कळले म्हणून बरे. पाच माणसांचा हिशेब केला, तर मस्कतहूनच मुंबईचे विमान पकडणे स्वस्त पडत होते.

गाडीचेही तसेच. धाकट्याच्या गाडीत सहा जण मावत नाहीत. मित्राची मोठी गाडी घ्यायची, तर मुल्किया, म्हणजे नोंदणीचे कार्ड, मित्राच्या नावावर. मालकाची लेखी परवानगी हवी. शेवटी सात जणांची भाड्याची ठरवली. भाडेकंपनीकडून ओमानला नेण्याचे संमतिपत्र आणि ओमानमध्ये चालणारा विमा, हे दोन्ही कागद हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे त्याला बजावले आहे.

सामानात अम्मींच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मसाल्याचा डबा उघडून पाहिला ते बरे झाले, त्यात खसखस होती. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आपल्याकडे रश्शात पडणारी ही चीज तिथे तुरुंगापर्यंत नेऊ शकते. अम्मींचा विश्वास बसेना. नवा मसाला खसखशीशिवाय कुटला.

पंधरा दिवसांच्या आत परतायचे असल्याने नमाज कसर होईल: चार फर्जांच्या जागी दोन, मगरिबच्या तीनच. तरी वुजू आणि अम्मींचे गुडघे ध्यानात घेऊन दर दोन तासांनी थांबा लिहिला. धाकट्याला ही यादी पाठवली तर हसला. म्हणाला, "भाईजान, या रस्त्यावर मी आजवर फक्त डिझेलला थांबलो." मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीजवळून, जी २००१ मध्ये खुली झाली, तो कितीदा गेला, ट्रेलर लावायला जागा नाही म्हणून आत कधी गेला नाही. तिथे बायकांसाठी वेगळा नमाजचा हॉल आहे, एवढे ऐकून अम्मींनी तो दिवस पक्का केला.

काल रात्री सगळे वाचून दाखवले. शेवटचा मुक्काम मस्कत, तिथून आपले विमान. अम्मी बोटांवर मोजत होत्या. मग म्हणाल्या, "फिर वो अकेला गाडी लेके वापस जाएगा क्या?"

हो, साडेचारशे किलोमीटर. एवढे आम्ही लिहिले नव्हते. अम्मींनी यादी मागून घेतली आणि शेवटच्या दिवशी त्याच्यासाठी एक डबा लिहायला लावला, दोन वेळचा.