एक्सप्लेनर : वारूळ फोडले तरी उधळी का जात नाही? आंब्याची बाग वाचवायची तर हे समजून घ्या

चंद्रपूर/गडचिरोली : आंब्याच्या खोडावर मातीचा लेप दिसला की पहिला राग निघतो तो बांधावरच्या वारुळावर. वारूळ फोडले जाते, पण काही दिवसांत लेप पुन्हा दिसतो. असे का होते? याचे उत्तर उधळीच्या, म्हणजेच वाळवीच्या घरातच आहे.

फादर आस्मुथ कोण?

फादर जोसेफ आस्मुथ हे जर्मन जेझुइट धर्मगुरू. २०व्या शतकाच्या सुरुवातीला ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. खंडाळा परिसरात त्यांनी वाळवी आणि तिच्या वारुळात राहणारे इतर कीटक गोळा केले. मुंबई इलाख्यातील लाकूड पोखरणाऱ्या वाळवीवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. १९१३ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ निल्स होल्मग्रेन यांनी एका प्रजातीला त्यांचे नाव दिले : ओडोन्टोटर्मिस आस्मुथी.

उधळी खाते काय?

ओडोन्टोटर्मिस गटातील उधळी चक्क शेती करते. कामकरी उधळी वाळलेली साल, लाकूड, पालापाचोळा खाऊन घरट्यात आणते. तिच्या विष्ठेपासून स्पंजासारखे पोळे तयार होते, त्यावर बुरशी वाढते आणि तीच उधळीचे अन्न बनते.

पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. झाडीपट्टीच्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या ‘सात्या’ त्या याच. म्हणजे बागेत नुकसान करणारा कीटकच जंगलात अनेक कुटुंबांना चार पैसे मिळवून देतो.

मग वारूळ फोडून फायदा का नाही?

राणी वारुळात खोलवर असते. वरचा भाग फोडला तरी ती वाचते आणि कामकरी उधळी डागडुजी करते. शिवाय अनेक घरटी पूर्णपणे जमिनीखाली असतात, ती वरून दिसतही नाहीत.

बागायतदारांनी काय करावे?

• खोडावरचा मातीचा लेप खरडून काढा. उधळी त्याच्या आडोशानेच साल खाते.
• वाळलेल्या फांद्या, खुंट बागेत ठेवू नका.
• कच्चे शेणखत टाकू नका. पूर्ण कुजलेलेच वापरा.
• नवीन कलमांना पाण्याचा ताण पडू देऊ नका. मुळे कुरतडली गेल्यास लहान रोप मरते. मोठे झाड सहसा तग धरते.
• औषध लागलेच तर सिंदेवाही किंवा सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारून, फक्त बाधित झाडालाच द्या.

जंगलातली वारुळे का राखावी?

पालापाचोळा कुजवून माती भुसभुशीत करण्याचे काम उधळी करते. बागेबाहेरची वारुळे औषध ओतून संपवली, तर आंबा वाचेलच याची खात्री नाही. सात्या मात्र नक्की जातील.