शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांतील जीवाणूसंसर्ग आणि प्रतिजैविकांचा प्रतिरोध

प्रस्तावना :
शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही टाक्यांच्या जागी पू होणे, ही रुग्णालयांतील जुनी समस्या आहे. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे पेनिसिलिनमुळे अशा संसर्गावर प्रभावी उपचार उपलब्ध झाला. तथापि, औषधाच्या अपुऱ्या मात्रेमुळे जीवाणू त्यास दाद देईनासे होतील, असा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात दिला होता.

प्रतिरोधाचे स्वरूप :
अशा जखमांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस, इ. कोलाय, क्लेब्सिएला व स्यूडोमोनास हे जीवाणू वारंवार आढळतात. काही जीवाणू पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर तयार करतात. त्यावर उपाय म्हणून मेथिसिलिन वापरात आले. परंतु १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद झाली. हा जीवाणू पेशीभित्तिका बांधण्यासाठी औषध सहजी न चिकटणारे वेगळे प्रथिन वापरतो. इ. कोलाय व क्लेब्सिएला यांच्यात प्रतिरोधाची जनुके प्लास्मिडद्वारे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. औषधाने संवेदनशील जीवाणू मरतात आणि प्रतिरोधक जीवाणूंना वाढीस मोकळी जागा मिळते.

औषध केव्हा व किती काळ?
शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस प्रतिजैविक घेतल्यास जखम सुरक्षित राहते, असा समज सर्वत्र आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना मात्र वेगळे सांगतात. प्रतिबंधक प्रतिजैविक आवश्यक असेल तेथे ते छेद घेण्यापूर्वीच्या १२० मिनिटांत द्यावे आणि केवळ प्रतिबंधासाठी शस्त्रक्रियेनंतर चालू ठेवू नये. जीवाणू जखमेत शिरतात ते मुख्यतः छेद उघडा असताना. त्या वेळी औषध ऊतींत पोहोचलेले असणे आवश्यक असते. नंतरच्या मात्रांनी संरक्षण वाढत नाही. उलट त्वचेवर व आतड्यात प्रतिरोधक जीवाणू बळावतात. पुढे संसर्ग झालाच, तर नेहमीचे औषध निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष संसर्ग झाल्यास पूचा निचरा करणे व मृत ऊती काढणे हा उपचाराचा पाया होय. प्रतिजैविकाची गरज असल्यास शक्यतो पहिल्या मात्रेपूर्वीच नमुना कल्चर व सेन्सिटिव्हिटी चाचणीसाठी पाठवावा. गंभीर रुग्णात अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात; मात्र अहवाल हाती येताच औषधाची फेरनिवड व्हावयास हवी.

समारोप :
भारतात १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ नुसार ठरावीक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. परंतु केवळ कायद्याने सवयी बदलत नाहीत. सिझेरियन, हर्निया वा सांधेरोपण या शस्त्रक्रियांची सुरक्षितता प्रभावी प्रतिजैविकांवर अवलंबून आहे. ‘जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षा’ हा समज विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्यामार्फत घराघरांच्या, मनातून दूर करणे हे आपणा अध्यापकांचेही कर्तव्य आहे.