नांगीविना धाक

थंडीत कोथिंबीर फुलोऱ्यावर आली, की तिच्या पांढऱ्या फुलांवर पिवळे-काळे पट्टे मिरवणारे किडे गर्दी करतात. पोरं जवळ गेली की घरातलं मोठं माणूस ओरडतं, "गांधीलमाशी आहे, चावेल!" पण त्यातलाच एखादा किडा फुलासमोर हवेतच थांबतो. पंख दिसेनासे होतात, इतक्या वेगानं ते हलत असतात आणि अंग मात्र जागचं ढळत नाही. मग तो झटकन वीतभर बाजूला सरकतो आणि तिथे पुन्हा तसाच थांबतो. असं करणारा किडा बहुधा गांधीलमाशी नसतो. त्याला नांगी नाही, विष नाही, चावा घ्यायला जबडेही नाहीत. तो घरमाशीच्याच गणातला आहे. कृषी विभागाच्या पुस्तिकांमध्ये त्याला सिर्फिड माशी म्हणतात.

सिर्फिड माशांच्या या एका कुळात आजवर ६,०००हून अधिक जातींची नोंद झाली आहे. अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर त्या आहेत. त्यातल्या कितीतरी जातींनी कुणा ना कुणा डंख मारणाऱ्या कीटकाचं रूप घेतलं आहे. कुणी मधमाशीचं, कुणी गांधीलमाशीचं, तर थंड प्रदेशात कुणी केसाळ बंबलबीचं.

ओळखायची खूण सोपी आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी तिला टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे असतात. उडताना ते पंखांच्या तालात हलत राहतात आणि शरीर कुठे कललं, किती वळलं, याची खबर क्षणोक्षणी देतात. हवेत तसं निश्चल राहणं जमतं त्यात या दांड्यांचा मोठा वाटा आहे. शिवाय माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात (नराचे तर सहसा मध्यावर एकमेकांना टेकलेले असतात) आणि मिशा अगदी आखूड, जवळून पाहिल्याशिवाय दिसतही नाहीत.

आता कल्पना करा, की अशा आखूड मिशांच्या आणि सरळसोट कमरेच्या प्राण्याला कुंभारीण व्हायचं आहे. घराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं इवलंसं घर बांधून त्यात बेशुद्ध केलेल्या अळ्या कोंबणारी कुंभारीण माशी आपल्या ओळखीची आहे. लांब मिशा, दोऱ्याएवढी कंबर आणि बसल्यावर लांबीत दुमडून घेतलेले अरुंद, काळपट पंख, असं तिचं रूप. मोनोसेरोमायिया नावाच्या प्रजातीतल्या सिर्फिड माशा भारतातही सापडतात. त्यांनी या रूपातली एकेक गोष्ट साधली आहे. कपाळातून पुढे एक देठ निघतो आणि मिशा त्या देठाच्या टोकावर बसवलेल्या असतात, त्यामुळे एरवीच्या आखूड मिशा आता लांब आणि कोनात वळलेल्या दिसतात. पोटाचा सुरुवातीचा भाग आवळून खरोखरची कंबर झाली आहे. पंख दुमडण्याची सोय माशीच्या शरीरात नाही, म्हणून पंखाची पुढची कडा गडद तपकिरी आहे आणि मागचा भाग काचेसारखा पारदर्शक. पाहणाऱ्याच्या नजरेला फक्त गडद पट्टी दिसते आणि पंख दुमडलेला वाटतो. मला यातली पंखाची युक्ती सगळ्यात थक्क करते. जे शरीराला करता येत नाही, ते इथे नुसत्या रंगानं भागवलं आहे.

स्पायलोमायिया आणि टेम्नोस्टोमा या प्रजातींनी मिशांचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात या माशा पिवळ्या गांधीलमाशांच्या वेषात वावरतात. मिशा आखूडच आहेत, पण पुढचे दोन पाय काळे आहेत. बसल्यावर ही माशी ते दोन पाय डोक्यासमोर उचलून हलवत राहते आणि कुणालाही वाटावं, की गांधीलमाशी मिशांनी चाचपते आहे. पोलिसाच्या वेषातला बहुरूपी खाकी कपड्यांवर थांबत नाही, दरडावतोही, तसंच हे. काही माशा पकडल्यावर पोटाचं टोक वाकवून डंख मारल्याचा आवही आणतात. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ साली या कुळातल्या ५७ जाती तपासल्या, तेव्हा असलं वागणं फार थोड्या जातींत दिसलं आणि ज्यांत दिसलं त्या दिसायलाही गांधीलमाशीशी चांगल्याच मिळत्याजुळत्या होत्या.

निरुपद्रवी प्राणी घातक प्राण्याचं रूप घेतो आणि त्यामुळे वाचतो, ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली हेन्री वॉल्टर बेट्स यांनी, १८६२ मध्ये. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून त्यांनी फुलपाखरं गोळा केली होती. रुचकर फुलपाखरं बेचव फुलपाखरांसारखी दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. एकदा कडू अनुभव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही आणि त्याचा फायदा नक्कल करणाऱ्यालाही होतो. डार्विनच्या निसर्गनिवडीला इतका ठसठशीत पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता.

पण मग एक अडचण उभी राहते. नक्कल जितकी हुबेहूब तितकं संरक्षण जास्त असेल, तर सगळ्याच माशा हुबेहूब का नाहीत? कोथिंबिरीवरच्या बहुतेक सिर्फिड माशा आपल्याला दोन मिनिटांत ओळखता येतात. पट्टे आहेत, पण कंबर नाही, मिशा नाहीत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी हा प्रश्न कबुतरांना विचारला. गांधीलमाशीची आणि साध्या माशांची चित्रं ओळखायला त्यांनी कबुतरांना शिकवलं आणि मग सिर्फिड माशांची चित्रं दाखवली. १९९३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विलक्षण होते. आपल्याला ज्यांची नक्कल कच्ची वाटते, अशा दोन अत्यंत सामान्य जातींना कबुतरांनी गांधीलमाशीच्या अगदी जवळ ठेवलं! म्हणजे नकलेचा परीक्षक माणूस नाहीच. पक्ष्याची नजर ज्यावर ठरते, तेवढंच माशीच्या अंगावर उतरतं.

कॅनडातल्याच २०१२ च्या अभ्यासातून आणखी एक धागा मिळाला. मोठ्या आकाराच्या माशा अधिक हुबेहूब असतात, लहान माशांचं रूप ढोबळ असतं. टपोरा घास मिळणार असेल तर पक्षी निरखून पाहतो, थोडा धोकाही पत्करतो. एवढ्याशा माशीसाठी तो ते कशाला करेल? नुसता पिवळा-काळा भास झाला तरी तो पुढे जातो. मला हे स्पष्टीकरण फार पटतं, कारण त्यात ढोबळ नक्कल ही अर्धवट राहिलेली नक्कल ठरत नाही. त्या माशीला पुरते तेवढी ती आहे.

वेळेचं गणितही थक्क करणारं आहे. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉल्डबाउअर यांनी दाखवलं, की तिथल्या उत्तम नकलाकार माशा वसंतात मोठ्या संख्येनं बाहेर पडतात, गांधीलमाशांची संख्या वाढण्याच्याही आधी. तेव्हा झाडांवर असतात ते गेल्या वर्षीचे डंख आठवणारे जाणते पक्षी. उन्हाळ्यात घरटी सोडलेली अननुभवी पिल्लं दिसेल त्यावर चोच मारू लागतात, त्या दिवसांत या माशा कमी होतात.

प्रौढ माशा फुलांवर जगतात, पण या कुळातलं खरं वैविध्य अळ्यांमध्ये आहे. कुणाची अळी मावा खाते. करडईवर मावा पडला की इस्किओडॉन स्कुटेलारिस या माशीच्या आंधळ्या, बिनपायांच्या अळ्या तो चाचपडत शोधतात आणि एकेक कीड उचलून शोषून टाकतात. वाढ पूर्ण होईतो एकेक अळी अशी शेकडो कीड फस्त करते. शेतकऱ्यानं घाईनं फवारणी केली तर ही फुकटची फौज आधी मरते, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एरिस्टॅलिसची अळी सांडपाण्यात राहते आणि शेपटासारखी लांबणारी नळी पृष्ठभागावर काढून श्वास घेते. टेम्नोस्टोमाची अळी कुजक्या लाकडात बोगदे काढते. मायक्रोडॉनची अळी मुंग्यांच्या वारुळात राहते आणि ती इतकी चपटी नि गोल असते, की एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन चक्क गोगलगायीच्या वर्गातला प्राणी म्हणून झालं. युरोपातली व्होल्युसेला झोनारिया तर ज्या गांधीलमाशांसारखी दिसते त्यांच्याच पोळ्यात अंडी घालते आणि तिच्या अळ्या तिथला कचरा खाऊन वाढतात.

भारतातल्या या माशांची पहिली मोठी सूची एन्रिको ब्रुनेट्टी यांनी केली. ते पेशानं संगीतकार होते आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून त्यांनी माशांवर काम केलं. त्यांचा ग्रंथ १९२३ साली आला. आज भारतातून तीनशेहून अधिक जातींची नोंद आहे.

आपल्याकडे मात्र नकलेचा परीक्षक बदलतो. वेडा राघू हा पक्षी मधमाशा आणि गांधीलमाशा आवडीनं खातो. पकडलेला कीटक तो फांदीवर आपटतो, शेपटाकडचा भाग घासून विष काढून टाकतो आणि मग गिळतो. त्याच्यासमोर मधमाशीचं रूप घेऊन धाक कसा बसणार? उलट तेच रूप त्याच्या आवडीचं खाद्य. म्हणून एकच पोशाख कोतवालासमोर, मैनेसमोर आणि वेड्या राघूसमोर वेगवेगळ्या मोलाचा असणार. विजेच्या तारेवर बसलेला वेडा राघू पट्टेरी किडा घेऊन परत आला, तर दुर्बीण त्याच्या चोचीवर धरा आणि गिळण्याआधी तो किड्याचं शेपूट तारेवर घासतो की नाही, तेवढं पाहा.