वडाची फांदी

ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं मुंबई-पुण्याच्या बाजारांत एक विचित्र माल येतो. हळदकुंकवाच्या पुड्या, सुताच्या गुंड्या, आंबे आणि फणसाचे गरे यांच्या शेजारींच वडाच्या डहाळ्यांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. वडापर्यंत जाण्याची सवड नसलेल्या सुवासिनी त्या विकत घेतात, कुंडींत रोंवून पूजा करितात, आणि दुसऱ्या दिवशीं ती डहाळी बहुधा केरांत जाते. ज्याला अक्षय समजून फेरे घालावयाचे त्याचेंच अंग तोडून घरीं आणावयाचें, ही विसंगति अजून फारच थोड्या घरांत खटकते.

सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वांत मार्कंडेय ऋषींनीं युधिष्ठिराला सांगितली आहे. सत्यवानाचें मस्तक दुखूं लागलें तें रानांत कुऱ्हाडीनें लांकडें फोडीत असतां! डहाळी घ्यावयास निघतांना हा तपशील आठवण्याजोगा आहे. सावित्रीनें त्याआधीं तीन रात्रींचें व्रत आचरिलें होतें. तिचें सामर्थ्य त्या निग्रहांत होतें, पूजेच्या सामानांत नव्हे.

वडाला अक्षय कां म्हणावें हें पाहावयाचें असेल तर कलकत्त्याजवळ हावड्याच्या वनस्पति-उद्यानांतील प्रसिद्ध वड पाहावा. त्याचें मूळ खोड बुरशीनें ग्रासल्यामुळें १९२५ सालीं काढून टाकावें लागलें. तरी जमिनींत उतरलेल्या हजारों पारंब्यांच्या आधारें तो आजहि उभा आहे. आपल्या रस्त्याकडेच्या वडांना मात्र एवढा विस्तार करूं देतो कोण? हाताशीं येईल तेवढी फांदी आपण तोडतों. वडाचीं फळें कोंवळ्या डहाळ्यांवर, पानांच्या बेचक्यांत धरतात. म्हणजे तोडली जाते ती नेमकी फळणारी डहाळी, आणि उपाशी राहतात तांबट, कोकिळा, मैना.

शहरांतील वृक्षांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालचा कायदा आहे. पण गिऱ्हाईक घरोघर असतां कायद्यानें काय व्हावें? विकणारी बाई पोटासाठीं विकते. तिला बोल लावूं नये. गिऱ्हाईक फिरलें तर ती नुसतें सूत आणि आंबे विकील.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, सूनबाईंना कचेरी गांठावयाची असते, या अडचणी खऱ्याच. त्यांवर तोडगाहि जुनाच आहे: पाटावर गंधानें वड रेखावा व त्याची यथासांग पूजा करावी. ज्यांना वडाशीं जाणें शक्य आहे त्यांनीं सूत कापसाचेंच न्यावें, नायलॉनचें नको. निरांजन व उदबत्ती बुंध्याच्या ढोलींत न ठेवतां दूर ठेवावी, आणि पुड्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्या. पार बांधतांना बुंध्याभोंवतीं सिमेंट भरून टाकण्याची जी हौस हल्लीं वाढली आहे, तीहि आवरावयास हवी. मुळांना पाणी मिळावें कसें?

हा सण पावसाच्या तोंडावर येतो, हें एक चांगलें आहे. जुन्या भिंतींच्या फटींत पक्ष्यांनीं टाकलेल्या बियांतून वडाचीं रोपें उगवतात व आपण तीं उपटून फेंकतों. तींच अलगद काढून घरापासून दूर, मोकळ्या जागीं लावावीं. दोन-तीन उन्हाळे तरी त्यांना पाणी घालावें लागेल. तें काम घरांतील पुरुषमंडळींनीं पत्करावें. व्रत त्यांच्याच आयुष्यासाठीं चाललेलें असतें.