कोड लिहिणारे आणि कोड वाचणारे

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयी, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो अशा सॉफ्टवेअरविषयी, सर्वांत रुजलेला गैरसमज असा की नवा कोड लिहिणे हेच खरे योगदान आणि दुसऱ्याचा कोड तपासणे, ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतात, ही फावल्या वेळची हमाली होय. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी नोंद जागच्या जागी खोडली जात नाही, तिची नवी आवृत्ती लिहिली जाते. त्यामुळे, उदाहरणार्थ, पतसंस्थेच्या सभासदाचे नाव तेच राहून केवळ शिल्लक बदलली, तरी नावावर केलेल्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधसूचीत, पूर्वी नवी नोंद करावीच लागे. पुण्याचे पवन देवलसी यांच्या ‘हॉट’ या सुधारणेने, बदललेला रकाना कोणत्याच इंडेक्समध्ये नसेल आणि नव्या आवृत्तीला साठवणीच्या त्याच पानावर जागा असेल तर, हा खटाटोप टाळला. पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांनी सप्टेंबर 2007 मध्ये ती मूळ कोडमध्ये दाखल केली आणि दाखल करतानाच्या नोंदीत देवलसींच्या नावाबरोबर इतर अनेकांच्या मदतीचाही उल्लेख केला, जो केवळ सौजन्याचा नव्हता: तपासणाऱ्यांचाही त्या सुधारणेत वाटा होता.

रिव्ह्यू म्हणजे कामात घातलेला खोडा, हा दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे. ‘मर्ज’ या आज्ञेचा पॅच, म्हणजे प्रस्तावित बदलांचा संच, ज्याच्या प्रमुख लेखकांत देवलसी होते, एप्रिल 2018 च्या प्रारंभी स्वीकारला गेला. परंतु त्याच्या अंतर्गत रचनेवर अनुभवी सहकाऱ्यांनी आक्षेप घेतल्याने तो 12 एप्रिलला मागे घेण्यात आला आणि ही आज्ञा वापरकर्त्यांच्या हाती आली ती ऑक्टोबर 2022 मध्ये, 15 व्या आवृत्तीत. चार वर्षांचा विलंब लेखकांना जड गेला असणार, यात शंका नाही; पण डेटाबेसमधली चूक लोकांच्या हिशेबात उतरते, म्हणून हा विलंब समर्थनीयच मानावा लागतो.

कोड खुला असला की तो अनेकांच्या नजरेखालून जातोच, हेही खरे नाही. फाइल लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात 2024 मध्ये चोरवाट सापडली, तेव्हा त्या प्रकल्पाची देखभाल दीर्घकाळ जवळजवळ एकाच व्यक्तीवर होती आणि मदतनीस म्हणून हळूहळू विश्वास मिळवलेल्यानेच ती घुसवली होती. ती उघडकीस आणणारे अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचेच विकासक. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा त्यांनी केला होता.

लिहिणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे, या तफावतीवर पोस्टग्रेसने 2008 पासून ‘कमिटफेस्ट’ हा तोडगा काढला: ठरावीक काळ नवे लेखन बाजूला ठेवून साचलेले पॅच तपासायचे, आणि स्वतःचा पॅच देणाऱ्याने तेवढ्याच गुंतागुंतीचा दुसऱ्याचा किमान एक पॅच तपासावा, अशी अपेक्षा ठेवायची. सक्ती कोणावर नसली, तरी फेड करण्याची ही रीत इतर समुदायांनी उचलावी अशी आहे.

उरला तो गैरसमज, की रिव्ह्यू हे फक्त मुरलेल्यांचे काम. पॅच ताज्या कोडवर लागतो का, चाचण्या उत्तीर्ण होतात का, दस्तऐवज जोडले आहेत का आणि बदल सांगितल्याप्रमाणे वागतो का, हे तपासायला सी या प्रोग्रॅमिंग भाषेतील पारंगतता लागत नाही. पॅच हा साधा मजकूर असल्याने तो मंद इंटरनेटवरही उतरतो. तेव्हा मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावातील संगणकाच्या विद्यार्थ्याने पहिला पॅच लिहिण्याआधी दुसऱ्याचा एक पॅच चालवून पाहावा आणि जे आढळले ते, चूक सापडली नसली तरी, लेखकाला कळवावे.