नाव, घराणे आणि नोंदवही

तंजावरला आलेला मराठी माणूस बृहदीश्वराचे दर्शन घेतो आणि मग त्याची पावले आपसूक सरस्वती महालाकडे वळतात. दुसरे सरफोजी राजे (1777–1832) यांनी समृद्ध केलेल्या या ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. परंतु ग्रंथ असणे वेगळे आणि तो हवा तेव्हा हाती लागणे वेगळे. येथील संस्कृत हस्तलिखितांची ए. सी. बर्नेल यांनी केलेली वर्गीकृत सूची 1880 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दूरदूरच्या अभ्यासकांना या भांडाराची वाट सापडली. ज्याची नोंद नाही ते असून नसल्यासारखेच, हे बँकेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. फुलांच्या जगातही हाच न्याय चालतो. लिली हे त्याचे उत्तम उदाहरण.

'लिली' या एकाच नावाखाली किती निरनिराळी फुले वावरतात, ते पाहा. हारासाठी आपल्याकडे जुडीने विकल्या जाणाऱ्या लांबट पांढऱ्या कळ्यांना फूलबाजारात लिली म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने त्या अमॅरिलिसच्या कुळातल्या. तामिळनाडूचे राज्यपुष्प सेंगांदळ म्हणजे आपली कळलावी. इंग्रजीत तीही लिलीच. पण तिचे कुळ आणखी वेगळे. तिचा कंद अत्यंत विषारी, तर बियांपासून मिळणारे कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून वापरले जाते. दक्षिणेतील खरी लिली पाहायची, तर निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतील शुभ्र, कर्ण्याच्या आकाराच्या रानफुलाकडे जावे लागेल.

खऱ्या लिलीच्या जाती जगात शंभराच्या आसपास आहेत. परंतु बागेत आणि बाजारात राज्य चालते ते त्यांच्या संकरांचे. हा पसारा नऊ विभागांत मांडला आहे. पहिल्यात एशियाटिक, दुसऱ्यात खाली झुकलेल्या पगडीसारख्या फुलांचे मार्टागॉन, तिसऱ्यात युरोपीय आणि चौथ्यात अमेरिकी वंशाचे संकर येतात. पाचवा विभाग लाँगिफ्लोरमचा, सहावा ट्रंपेट व ऑरेलियन यांचा, सातवा सुगंधी ओरिएंटल संकरांचा. दोन विभागांतील लिलींचा संकर आठव्यात जातो आणि नैसर्गिक जाती नवव्यात. शिवाय फूल वर पाहते, समोर पाहते की खाली झुकते, तसेच त्याचा आकार कसा, हे अक्षरांनी दर्शविले जाते. थोडक्यात, फुलाचा हा खातेक्रमांकच!

लिलीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. तिची पहिली नोंदवही 1960 साली निघाली. नवा संकर निर्माण करणाऱ्याने अर्जात आपले नाव, संकराचे माता-पिता ज्ञात असल्यास ते, फुलाचा रंग, आकार, उंची आणि बहराचा काळ लिहून द्यायचा. एकदा नोंदलेले नाव दुसऱ्या लिलीला मिळत नाही. गुणांची अतिशयोक्ती करणारे नावही चालत नाही. मात्र ही नोंद म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे आणि मालकीहक्कही नव्हे. ती केवळ ओळख पक्की करते.

मालकीचा प्रश्न निराळ्या कायद्याचा. भारतात वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 साली संमत झाला. नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य या कसोट्यांना उतरलेल्या नव्या वाणावर त्याच्या निर्मात्याला पिकांसाठी कमाल 15 वर्षे, तर वृक्ष व वेलींसाठी 18 वर्षे हक्क मिळतो. आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा व पुन्हा पेरण्याचा शेतकऱ्याचा अधिकारही हाच कायदा जपतो. तंजावर जिल्ह्यात याचे मोल चटकन पटते. येथील आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून निघालेले वाण 'एडीटी' आणि क्रमांक एवढ्याच नावाने ओळखले जातात. तेवढ्या दोन खुणांवर शेतकरी आपला सारा हंगाम पणाला लावतो.

लिलीचा कंद तर बियाण्याहून अबोल. फूल उमलेपर्यंत तो आपले घराणे सांगत नाही. पॉलिहाऊसमध्ये लिली लावणाऱ्याचे बरेचसे भांडवल कंदांतच गुंतते आणि ते कंद बहुधा नेदरलँड्सहून येतात. एशियाटिक लवकर फुलते, पण तिला गंध जवळजवळ नसतो. ओरिएंटल अधिक दिवस घेते आणि साधारणतः चढा भाव मिळवते. ओरिएंटल म्हणून घेतलेले कंद एशियाटिक निघाले, तर काढणीचे दिवस, बाजारभाव आणि कर्जाचे हप्ते हे सारे गणित कोलमडते.

म्हणून पुष्पशेतीसाठी कर्ज घेणाऱ्या आमच्या ग्राहकांना एवढेच सुचवावेसे वाटते. कंदांच्या बिलावर नुसते 'लिली' किंवा 'गुलाबी लिली' असे लिहून घेऊ नये. वाणाचे नोंदलेले नाव, त्याचा विभाग आणि कंदाचा आकार लिहून घ्यावा व ते बिल जपून ठेवावे. कर्जप्रकरण तपासणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीही या तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. फूल उमलण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती असतो तो केवळ शब्द. तो शब्द नोंदलेला असला, म्हणजे त्याच्या भरवशावर हंगाम उभा करता येतो.