सहा लाखांत जुनी ऑडी-मर्सिडीज मिळते, पण ती सांभाळायला किती लागतात?

ऊसबिल हातात आलं किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर पडला, की घरात गाडीचा विषय निघतोच. त्यात हल्ली मोबाईलवर जाहिराती सुरूच असतात. बारा-तेरा वर्षं जुनी ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज पाच-सात लाखांत. म्हणजे नव्या साध्या गाडीच्या पैशात, नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली गाडी दारात. बऱ्याच वेळा गाडी खरी असते, कागदपण खरे असतात. तरीही घेणारा वर्षभरात अडचणीत येतो. तो का येतो, ते समजून घेऊ.

गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही

गाडी जुनी झाली की बाजारात तिचा भाव पडतो. पण तिला लागणारा पार्ट चाळीस लाखांच्या गाडीचाच राहतो. ऑडीची जोडणी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते आणि मर्सिडीजची चाकणला, म्हणून पार्ट स्वस्त असतील असं काहींना वाटतं. पण या गाड्यांचे बरेच भाग बाहेरून येतात, इथे फक्त जोडले जातात.

साधं सर्व्हिसिंग घ्या. छोट्या गाडीला साधारण तीन लिटर ऑइल लागतं. मर्सिडीजच्या ई-क्लासला इंजिनप्रमाणे साडेसहा ते आठ लिटर, तेही कंपनीने ठरवलेल्या ग्रेडचंच. बॅटरी, ब्रेक पॅड, टायर यांचंही तसंच. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनीच नसते. त्यांचे रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातात, पण गावातला पंक्चरवाला ते रिमवरून काढू शकत नाही. दुसरं गाव गाठायला ८० किलोमीटर पुरतात. प्रश्न असा आहे, की त्या गावात तरी ते काढणारं मशीन आहे का?

पैसे कुठे जातात

पहिलं हवेचं सस्पेन्शन. काही मोठ्या मर्सिडीज आणि ऑडींना पाट्या-स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. दहा-बारा वर्षांनी रबराला चिरा जातात आणि हवा गळायला लागते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणून गाडी बघायला भल्या सकाळी, ती सुरू करण्याआधी जा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर समजून जा. एकदा इंजिन चालू झालं की ती पुन्हा वर येते आणि काही कळत नाही.

दुसरं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ‘याचं ऑइल बदलावं लागत नाही’ असं विकणारा सांगतो. पण बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल नसेल, तर तो खर्च तुमच्या माथी आहे असं धरा.

तिसरं टायमिंग चेन. २००७ ते २०११ च्या सुमारास बनलेल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात ही चेन लवकर झिजते. आणि ती बसवलीय इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. म्हणजे बदलायला बरंच काही उतरवावं लागतं. थंड इंजिन सुरू करताना घासल्यासारखा आवाज आला, तर सौदा तिथेच थांबवा.

गावात राहणाऱ्या गाडीचे वेगळे त्रास

या गाड्यांत कितीतरी छोटे कॉम्प्युटर आणि वायरिंगचं जाळं असतं. गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली की उंदीर वायरी कुरतडतात. आपल्या जुन्या जीपची वायर गावातला मेस्त्री जोडून देतो. इथे स्कॅनर लावल्याशिवाय दोष कुठे आहे तेच कळत नाही.

लिंबाखाली, चिंचेखाली गाडी लावत असाल तर पाला वेळच्या वेळी काढा. काचेखालच्या आणि सनरूफच्या पाणी निघायच्या नळ्या तुंबल्या, की पावसाचं पाणी आत मॅटखाली साचतं आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिट तिथेच असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइल पंपही बंद असतो. चाकं फिरत राहिली, तर आतले भाग कोरडे घासतात. दोन हजाराचं भाडं वाचवायला जाऊन गिअरबॉक्स जातो. चारही चाकं वर घेणारी गाडीच बोलवा.

कागद आणि इतिहास

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. अशी गाडी घेताना मूळ आरटीओची एनओसी आहे का आणि त्यावर आपल्याच आरटीओचं नाव आहे का, ते बघा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची, तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो खर्च सौद्यातच धरा.

गाडीला पंधरा वर्षं व्हायला किती राहिलीत तेही मोजा. त्यानंतर फिटनेस तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. चारचाकीची ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा.

पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ लगेच दिसते. डिकीतलं मॅटही उचला.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापतात, आणि दहा वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांचेही निम्मेच मिळतात.

मग घ्यायचीच नाही का?

तसं नाही. या गाड्या टिकतात, पण सांभाळल्या तरच. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातले टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी मर्सिडीजची २४० डी ही गाडी १९८१ मध्ये जुनीच घेतली होती. ती ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीने आपल्या संग्रहालयासाठी घेतली. पण त्या गाडीची इंजिनं वेळोवेळी उतरवून दुरुस्त केली होती, हे विसरू नका.

म्हणून सौद्याआधी तीन गोष्टी करा. या गाड्यांचं काम करणाऱ्या शहरातल्या मेस्त्रीकडून, विकणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या मेस्त्रीकडून, स्कॅनर लावून तपासून घ्या. दोन-तीन हजार जातील, जाऊ द्या. सर्व्हिसची सगळी बिलं मागा आणि त्यावरचे किलोमीटर मीटरशी जुळवा. आणि सहा लाखांची गाडी असेल तर दोन लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

ते दोन लाख पेरणीच्या किंवा पोरांच्या फीच्या पैशातून काढावे लागणार असतील, तर ही गाडी आपल्यासाठी नाही. त्याच सहा लाखांत चार-पाच वर्षांची साधी गाडी येते, आणि तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो.